साडूनं सील बदललं, म्हणून

चाकाखाली एक पुठ्ठा सरकवायचा, एवढंच मी ठरवलं होतं.

आमच्या जीपच्या मागच्या उजव्या चाकातून तेल ठिबकत होतं. फार नाही. अंगणातल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी एक काळा ठिपका दिसे, बायको तो पुसे आणि पुसता पुसता माझ्याकडे बघे. त्या बघण्यावर उपाय म्हणून मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला. ठिपका फरशीऐवजी पुठ्ठ्यावर पडला की प्रश्न मिटला. (सरकारी नोकरीत मुरल्यावर प्रश्न मिटवणं आणि प्रश्न झाकणं यांतला फरक माणसाला फारसा जाणवत नाही.)

मी वाकून पुठ्ठा सरकवतोय, तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा, संयोगिताचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती.

"अगं बाई! दाजींनी? स्वतः? घरच्या घरी?"

पुठ्ठा माझ्या हातातच राहिला.

दाजी म्हणजे शंभूराज. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. वाईला राहतात. ऊस आहे. फौजेत नोकरी करून आलेत. दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागते. मिशी अशी, की आधी ती घरात येते आणि मागून ते. (मिशी मलाही आहे. फक्त ती आहे हे लोकांना सांगावं लागतं.) बरं, माणूस खवट असता तर त्याचा हेवा करायला काही निमित्त तरी मिळालं असतं. पण शंभूराज स्वभावानं सोन्यासारखे. कधी कुणाला टाकून बोलणार नाहीत, मला तर 'साडूभाऊ' म्हणून कडकडून मिठी मारतात. अशा माणसाचा हेवा करणं फार अवघड काम असतं. मी ते लग्नापासून एकट्याच्या बळावर करत आलोय.

त्यांनी जीप घेतली म्हणून मीही जीप घेतली. माझं ऑफिस सांगलीतच, विश्रामबागेत, घरापासून चालत जाण्यासारखं. जीप फाटकातून बाहेर काढून वळवेपर्यंत मी चालत जाऊन आवक-जावकच्या टेबलावर पंखा लावून बसलेला असतो. तरी घेतली. जुनी घेतली. घेतल्यापासून ती गळतेय.

"काय केलं दाजींनी?" मी आत जाऊन शक्य तितक्या कोरडेपणानं विचारलं.

"त्यांच्या जीपच्या मागच्या चाकाचं सील गेलं होतं म्हणे. त्यांनी घरीच बदललं. ताईनं व्हिडिओ टाकलाय बघा ग्रुपवर."

व्हिडिओ मी पाहिला. वाईच्या घरासमोरचं अंगण, बनियन घातलेले शंभूराज, शेजारी काढून ठेवलेलं डावं चाक. त्यांनी एका हातानं चाकामागचा ब्रेकचा ड्रम ओढला, तो आला. मग ॲक्सलचा तो लांबलचक दांडा धरला आणि म्यानातून तलवार काढावी तसा सर्रकन बाहेर काढला. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "हाय काय त्यात!"

संयोगितानं व्हिडिओ पुन्हा लावला. मग पुन्हा.

"किती सहज करतात ना," ती म्हणाली.

'सहज' हा शब्द तिनं माझ्या बाबतीत कधीही वापरलेला नाही. मी काहीही करायला घेतलं की ती 'जपून' म्हणते.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो. "आपल्या गाडीचंही तेच गेलंय. या रविवारी मी बदलणार आहे."

"तुम्ही?"

"मी."

"स्वतः?"

"घरच्या घरी."

"अहो, मागे न्हाणीघरातल्या नळाचा वायसर बदलायला घेतलात..."

"तो नळच मुळात सदोष होता." (नळ आता तिथे नाही. लाकडी बूच आहे.) "आणि ऐक. पुढच्या आठवड्यात औंधला जायचंय ना, यमाईची ओटी भरायला? आईंना आपल्या जीपमधून न्यायचं. पुढच्या सीटवर बसवून."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, रंगूबाई; वाईलाच थोरल्या लेकीकडे असतात. आजवर त्या देवाला, लग्नाला, दवाखान्याला, जिथे म्हणून गेल्या तिथे शंभूराजच्या जीपमधून, पुढे बसून गेल्या. मी मागे, पिशव्यांबरोबर.

संयोगिता एकदम गंभीर झाली. "आईला न्यायचं म्हणता, ते ठीक. पण ते तेल ब्रेकवर उतरलं असेल तर? यमाईच्या मूळपीठाचा डोंगर उतरताना ब्रेक लागले नाहीत म्हणजे?"

मी असं हसलो, की तिची काळजी आणखी वाढली.

*

सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसानं सील काढून दिलं. रबराचं एक कडं, आतून बारीक स्प्रिंग बसवलेली. ॲक्सल ज्या नळीत फिरतो तिच्या तोंडाशी हे बसतं आणि आतलं तेल बाहेर येऊ देत नाही, असं तो म्हणाला.

"मिस्त्री कोण आहे?" त्यानं विचारलं.

"मीच."

"मग दोन न्या," तो म्हणाला.

मला अपमान वाटला. मी एकच घेतलं.

घरी संयोगितानं ते हातात धरून फिरवून बघितलं. "म्हणजे कुकरची रिंगच की ही!"

"इतकं सोपं नसतं ते," मी म्हणालो. काय अवघड असतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी मी बनियन घालून अंगणात उतरलो. (व्हिडिओत शंभूराज बनियनवर होते. त्यांच्या बनियनमध्ये खांदे होते, माझी बनियन खिळ्यावर अडकवल्यासारखी दिसत होती, असं नंतर कळलं.) आमचं अंगण शेजारच्या शमशेरभाईंच्या अंगणाला लागूनच आहे, मध्ये भिंत नाही. शमशेरभाईंचा फरशीचा धंदा. माणूस मनमिळाऊ, पण दुसऱ्याचं काम चालू असलं की त्यांना राहवत नाही. खुर्ची घेऊन येतात. त्यांच्या बायकोनं, फरीदाभाभींनी, ईद जवळ आली म्हणून शेवया केल्या होत्या आणि स्वच्छ धोतर अंथरून त्या बाजेवर वाळत घातल्या होत्या. केसासारख्या बारीक शेवया. कुणीही बघत राहावं.

मी चाकांना विटा लावल्या, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, जॅक लावला आणि मागचं चाक उचललं. नट काढले. चाक काढलं. इथवर सगळं व्हिडिओबरहुकूम झालं. मग मी एका हातानं ड्रम ओढला.

ड्रम हलला नाही.

दोन्ही हातांनी ओढला. मग एक पाय बंपरला लावून ओढला. मग दोन्ही पाय लावून ओढला, म्हणजे त्या वेळी मी जमिनीशी सर्व संबंध तोडून ड्रमला लोंबकळत होतो.

"काय गड्या, व्यायाम का?" शमशेरभाई खुर्ची घेऊन आले.

"ड्रम जाम झालाय."

"वहिनी, चहा आलं घालून बरं का," त्यांनी आधी व्यवस्था लावली. मग बसले. "हातोडी मार."

मी हातोडी मारली. ड्रम वाजला. तिसऱ्या गल्लीतला कुत्रा भुंकला. ड्रम तिथेच.

चहा घेऊन आलेली संयोगिता थोडा वेळ बघत उभी राहिली. चहा आल्याचा होता आणि तो तिनं आधी शमशेरभाईंना दिला. (मला घरात आल्याचा चहा फक्त खोकला झाल्यावर मिळतो.)

"अहो, हँडब्रेक ओढलाय का तुम्ही?"

"अर्थात! सुरक्षेसाठी."

"हँडब्रेक म्हणजे तोच आतून ड्रम धरून ठेवत असेल ना? सोडून बघा की."

मी सोडला. आणि परत येऊन, काही विशेष घडलेलं नाही अशा चेहऱ्यानं, ड्रम एका हातानं ओढला. तो आला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

पाय हातात धरून मी एका पायावर नाचत असताना शमशेरभाई आत डोकावले. "धैर्यशीलराव," ते म्हणाले. (हो, माझं नाव धैर्यशील आहे. बारशाला कुणाला कल्पना असते!) "हे तर ठणठणीत कोरडं हाय. इथं तेलाचा थेंब न्हाई."

मी नाचायचा थांबलो. आत खरोखरच चैत्रातल्या ओढ्यासारखं कोरडं होतं.

"गळत होतं ते उजवं चाक ना?" संयोगिता म्हणाली. "पुठ्ठा तिकडं आहे."

"मग डावं का काढलं?" शमशेरभाई म्हणाले.

दोघं माझ्याकडे बघत राहिली. खरं कारण एवढंच होतं, की शंभूराजनी डावं काढलं होतं. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला होता, की डावं सोडून दुसरं एखादं चाक गाडीला असू शकतं हेच विसरलो होतो.

"आधी चांगलं चाक उघडून बघायचं असतं," मी म्हणालो. "तुलना करायला."

*

डावं चाक पुन्हा लावलं. उजवं काढलं. या वेळी ड्रम पहिल्याच ओढीला आला, आणि आतून असा वास आला की शमशेरभाईंनी खुर्ची मागे सरकवली. गिअर ऑईलचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून पटणार नाही. सडकी अंडी, जळकं रबर आणि लग्नाच्या मांडवामागचा तिसरा दिवस, असं काहीतरी. सगळे ब्रेक लायनर तेलात निथळत होते.

संयोगितानं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बघा. म्हणजे या चाकाचा ब्रेक लागतच नव्हता. आणि तुम्ही परवा मला बसवून मिरजेला नेलंत."

मला खरंच जरा कसंतरी झालं. काही वेळ मी शंभूराजना विसरून मुकाट्यानं काम केलं. पाठीमागचे बोल्ट सोडवले, लायनर काढले. तो सगळ्या दिवसातला माझा उत्तम काळ होता. पण मग ॲक्सल काढायची वेळ आली आणि डोळ्यांसमोर पुन्हा ती तलवार उभी राहिली.

ॲक्सल ओढला. येईना.

"ड्रम उलटा लावून झटका मार, माझ्या भाच्याच्या गॅरेजात तसंच करतात," शमशेरभाई म्हणाले. ही सूचना अचूक होती. तिचा पुढचा भाग, म्हणजे मागे काय आहे ते आधी बघून घे, हा त्यांनी सांगितला नाही. मी ड्रम उलटा धरून दोन नटांवर सैल अडकवला, पाय रोवले आणि मनातल्या मनात "हाय काय त्यात" म्हणून सगळ्या ताकदीनं झटका दिला.

ॲक्सल आला. सर्रकन आला, अगदी व्हिडिओतल्यासारखा. फक्त व्हिडिओत शंभूराज जागेवर उभे राहिले होते. मी ॲक्सल आणि ड्रम छातीशी कवटाळून उलटा उलटा धावत गेलो, तुळशीला वळसा घातला आणि बाजेवर बसलो.

बाजेवर शेवया होत्या.

आवाज फारसा झाला नाही. नुसतं कुरकुर, कुरकुर. ॲक्सलवरून ते काळं तेल सावकाश ओघळत धोतरावर उतरलं. मग फरीदाभाभी दारात आल्या.

"भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्ही माझ्या शेवयांवर बसलाय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठलो. उठताना बऱ्याचशा शेवया माझ्याबरोबर उठल्या.

"पुन्हा करू आपण भाभी," संयोगिता पुढे होऊन म्हणाली. "परवा संध्याकाळी मी येते. मशीनचा दांडा हे फिरवतील."

"मी?" मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी दांडा फिरवणार हे ठरलं.

*

आता नवं सील बसवणं राहिलं होतं. जुनं मी पेचकसानं उचकटून काढलं. नवं नळीच्या तोंडाशी धरलं आणि हातोडी उचलली.

"जपून," संयोगिता म्हणाली.

तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी हाणली. सील एका बाजूनं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं वर आलं. वर आलेल्या बाजूवर हाणली, तर पहिली वर आली. असं आम्ही दोघं, मी आणि सील, काही वेळ एकमेकांना चुकवत होतो. शेवटी सील बाहेर पडलं तेव्हा ते गोल राहिलं नव्हतं. त्याचा आकार साधारण काजूसारखा झाला होता.

"दुसरं हाय का?" शमशेरभाईंनी विचारलं.

मी तो काजूच त्यांच्या हातावर ठेवला. ते उठले, स्कूटरला किक मारली आणि दुकानाकडे गेले. नवे लायनरही आणतो म्हणाले. (दुकानदार 'मला वाटलंच होतं' म्हणाला, हे त्यांनी परत आल्यावर मुद्दाम सांगितलं.)

ते आले तेव्हा संयोगितानं पदर खोचला होता.

"सरका," ती मला म्हणाली.

"अगं, हे बायकांचं..."

"कुकरची रिंग कोण बसवतं घरात?"

मी सरकलो. तिनं नळीचं तोंड आधी जुन्या साडीच्या तुकड्यानं लख्ख पुसलं. मग सील उलटसुलट बघितलं. "जुनं निघालं तेव्हा स्प्रिंगची बाजू आत होती. तुम्ही बाहेर करून ठोकत होता." मग ती घरात गेली आणि आमच्या लेकीच्या भातुकलीतला पोळपाट घेऊन आली. लेक आता पुण्यात नोकरी करते, पोळपाट माळ्यावर होता; लाकडी, तळहाताएवढा, गोल. तिनं सीलला बोटानं थोडं तेल लावलं, ते नळीच्या तोंडाशी सरळ धरलं, त्यावर पोळपाट ठेवला आणि बत्त्यानं हलके हलके, थालीपीठ थापल्यासारखं, सगळ्या बाजूंनी ठोकत गेली.

सील आत गेलं. सरळ. काठाला काठ लागला.

"क्या बात है वहिनी!" शमशेरभाई खुर्चीतून उठून उभे राहिले. माझ्या कुठल्याच कामाला ते उभे राहिले नव्हते. फरीदाभाभीसुद्धा शेवयांचं दुःख विसरून बघायला आल्या.

नेमका त्याच वेळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. वाईहून.

"उचलू नकोस," मी म्हणालो.

फरीदाभाभींनी उचलला.

पडदाभर मिशी आली. "काय चाललंय सांगलीकर? आँ? संयोगिता, तू गाडीखाली काय करतीयास?"

"सील बसवतेय दाजी. आता ॲक्सल घालायचाय."

"आरारारा! लय भारी! ए, इकडं या गं सगळी, बघा आपली संयोगिता काय करतीया!" मागून ताई आल्या, सासूबाई आल्या. फोनच्या त्या चौकोनात सगळी वाई गोळा झाली. "सावकाश घाल बरं. दांडा आत सरकवताना सीलच्या ओठाला घासाय न्हाई पायजे. आवं, उजेड कोण दावतंय? तो टॉर्च हालतोय किती!"

टॉर्च मी दाखवत होतो. तोपर्यंत मला ते कुणी बघतंय याची कल्पना नव्हती.

"आवं साडूभाऊ, तुमीच व्हय! मला वाटलं कुणी झाडाच्या फांदीला बांधलाय. सरळ धरा की."

संयोगितानं ॲक्सल दोन्ही हातांनी तोलून, जरा फिरवत फिरवत आत घातला. शमशेरभाईंनी टोक उचलून धरलं. बोल्ट आवळले. नवे लायनर बसले, ड्रम बसला, चाक बसलं, गिअर ऑईल भरलं. तिच्या कपाळावर तेलाची एक काळी रेघ उमटली होती आणि सांगायला लाज वाटते, पण ती फार छान दिसत होती. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या कौतुकाच्या पोटात एक बारीक कळ होती आणि ती मला चांगली ओळखीची होती. इतकी वर्षं जी वाईच्या दिशेनं उठायची, ती आता माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या बायकोकडे बघून उठली होती.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा निघाला. तिसऱ्या दिवशीही. गल्लीत चक्कर मारून ब्रेक दाबला तर जीप जागच्या जागी उभी राहिली आणि माझं कपाळ काचेला लागलं. एवढा कडक ब्रेक त्या गाडीनं तिच्या तरुणपणातही पाहिला नसेल. मी ग्रुपवर लिहिलं, 'आम्ही आमच्या जीपचं सील घरच्या घरी बदललं.' खाली उत्तरं आली: 'शाब्बास संयोगिता.' 'वा संयोगिता.' 'संयोगिता, आमच्या ट्रॅक्टरला पण बघशील का?' एकानं विचारलं होतं, 'आम्ही म्हणजे अजून कोण?'

संध्याकाळी मी मुकाट्यानं फरीदाभाभींच्या शेवयांचा दांडा फिरवला.

*

आणि मग नशीब फिरलं.

शुक्रवारी शंभूराजचा फोन आला. आवाज पडलेला. "साडूभाऊ, काय सांगू, आमचं सील परत गळाय लागलंय की वं. त्याच चाकाचं."

"अरेरे," मी म्हणालो. (हे 'अरेरे' म्हणताना मी खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली. फोनवर दिसत नाही म्हणून बरं.)

"कसं बसलं काय म्हाईत. वाकडंच बसलं आसंल. आन् उद्याच्याला औंधला जायचं कसं? तर आसं करा, तुमी आजच तुमची गाडी घिऊन वाईला या. उद्या आईस्नी घिऊन तुमच्या गाडीतनंच जाऊ समदी."

माझ्या कानात सनई वाजली. माझ्या जीपमधून! सासूबाई पुढच्या सीटवर! शंभूराज मागे, पिशव्यांबरोबर! मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली, जीप धुतली, पुढच्या सीटवर नवं कव्हर घातलं. साताऱ्यापर्यंत मी शिट्टी वाजवत गाडी चालवली. संयोगिता म्हणाली, "तुम्हाला एवढी देवीची ओढ कधीपासून लागली?"

वाईला पोचलो. अंगणात शंभूराजची जीप उभी, चाकाखाली पुठ्ठा. (पुठ्ठा! त्यांनाही पुठ्ठाच सुचला होता. मला इतकं बरं वाटलं, की मी त्यांना स्वतःहून मिठी मारली.)

"या, या," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत त्यांचा चेहरा उजळला. "संयोगिता, आलीस व्हय! नवं सील आणून ठिवलंय. तुझी वाटच बघत होतो."

मी मागे वळलो. संयोगिता पिशवीतून भातुकलीचा पोळपाट काढत होती.

"तू हे बरोबर आणलंस?" मी विचारलं.

"ताईनं सकाळीच फोन केला होता."

"अगं, पण आपण आपल्या गाडीनं जाणार आहोत ना उद्या?"

"दाजींची गाडी नीट झाल्यावर आपली कशाला? त्यांची मोठी आहे. आईला पाय लांब करता येतात."

मी आमच्या जीपच्या पुढच्या सीटवरचं नवं कव्हर उगाचच सरळ केलं.

अर्ध्या तासात तिनं त्यांचं चाक उघडलं. शंभूराज बनियनवर तिच्या हाताखाली काम करत होते, आणि खरं सांगायचं तर मनापासून करत होते. "ही बघ, हितं वाकडं बसलं हुतं बघ. मी नुसता हातोडा हाणला," असं ते सगळ्यांसमोर मोकळेपणानं म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मला ते कधी जमलं नसतं. त्याचाही मला हेवा वाटला.

सगळं बसवून झाल्यावर ब्रेक बघायचा होता. "कुणीतरी आत बसून ब्रेक दाबा," संयोगिता चाकापाशी बसून म्हणाली.

मी चपळाईनं आत जाऊन बसलो आणि दाबला.

"सोडा. आता दाबा. अहो, सावकाश! आता सोडा. सोडा म्हटलं की सोडायचं, दाबायचं नाही. अहो, तो क्लच आहे!" ती उठून उभी राहिली. "तुम्ही उतरा. दाजी, जरा तुम्ही बसता का?"

शंभूराज बसले. दाबला. सोडला.

"वा दाजी! किती सहज दाबता!"

मी ओसरीवर जाऊन बसलो. सासूबाई तिथे उद्याच्या चटणीसाठी लसूण घेऊन बसल्या होत्या. मी तिथं एकटा बसलेला बघून त्यांना माझी दया आली असावी.

"जावईबापू, रिकामं बसण्यापरीस जरा लसूण सोलता का?"

मी सुपातला एक गड्डा घेतला. लसूण सोलण्यात मी वाईट नाही. रविवारी मीच सोलतो. वाईच्या त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हाती असं काम आलं होतं, की ज्यात शंभूराज नव्हते. मी मन लावून, एकेक पाकळी नखानं साफ करत सोलत गेलो. बघता बघता पांढरीशुभ्र रास झाली. मी ती सुपात पसरून सासूबाईंपुढे सरकवली.

त्यांनी एक पाकळी उचलली. उजेडाकडे धरून बघितली. मग ठेवली.

"बरं सोललंय," त्या म्हणाल्या. "पर आमचा शंभूराज सोलतो नव्हं, तवा बोटांना वास येत न्हाई बगा."